मसुदा कोणता, आवृत्ती कोणती? डिजिटल दस्तऐवजांतील बदल ओळखण्याचे तंत्र

३० एप्रिल २०२० रोजी न्यूझीलंडच्या संसदेने करविषयक सवलतींचे एक विधेयक एकाच दिवशी सर्व टप्प्यांतून संमत केले. कोविडच्या टाळेबंदीतून देश जेमतेम बाहेर पडू लागला होता आणि तोट्यात गेलेल्या उद्योगांना तातडीने दिलासा देणे आवश्यक होते. विधेयक संमत झाल्यावर उघडकीस आले की सभागृहापुढे मांडली गेलेली प्रत अपेक्षित प्रत नव्हतीच. लघुउद्योगांना सरकारी कर्ज देण्याच्या योजनेची तरतूद असलेली वेगळीच आवृत्ती मांडली गेली होती आणि तीच कायदा बनली. ती योजना जाहीर झाली दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी: पन्नास किंवा त्याहून कमी कर्मचारी असलेल्या व्यवसायांना १० हजार डॉलर आणि शिवाय प्रत्येक पूर्णवेळ कर्मचाऱ्यामागे १,८०० डॉलर, कमाल मर्यादा १ लाख डॉलर. आपण या योजनेलाही मंजुरी देत आहोत, याची कल्पना मतदान करणाऱ्या सदस्यांना नव्हती.

ती तरतूद सरकारला पुढे करायचीच होती, त्यामुळे चूक निभावली. परंतु दोन आवृत्त्यांची तुलना करण्याची उत्कृष्ट व्यवस्था ज्या देशाने उभी केली आहे, त्याच देशात हा प्रकार घडावा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ती व्यवस्था अशी. न्यूझीलंडमध्ये सरकारी विधेयकांचे मसुदे प्रामुख्याने पार्लमेंटरी कौन्सेल ऑफिस तयार करते. प्रत्येक विधेयकाला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापुढे आवृत्तीचा अंक जोडलेला असतो. सादर झालेले विधेयक ‘–१’, प्रवर समितीकडून परत आलेले ‘–२’, संपूर्ण सभागृहाच्या समितीने दुरुस्त केलेले ‘–३’. समितीकडून परत आलेल्या प्रतीत वगळलेला मजकूर खोडरेषेसह तसाच छापलेला असतो आणि नवा मजकूर अधोरेखित असतो. एवढेच नव्हे, तर तो बदल एकमताने झाला की बहुमताने, हेही चिन्हांवरून कळते. त्या चिन्हांची सूची प्रतीतच दिलेली असते. कायदा झाल्यावरही ही शिस्त सुटत नाही. सरकारी विधिसंकेतस्थळावर एकाच कायद्याच्या वेगवेगळ्या तारखांच्या आवृत्त्या उपलब्ध असतात, आणि बदललेल्या कलमाखाली ते कोणत्या तारखेला, कोणत्या दुरुस्ती-कायद्याने बदलले याची नोंद असते. ६ जानेवारी २०१४ पासून तेथील इलेक्ट्रॉनिक प्रतींना अधिकृत दर्जाही मिळाला आहे.

मात्र ही सारी यंत्रणा दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात काम करते. ३० एप्रिलला तो मधला काळच नव्हता. विधेयक प्रवर समितीकडे गेले नाही, त्यामुळे खोडरेषा आणि अधोरेखा असलेली ‘–२’ प्रत निर्माण होण्याचा प्रश्नच आला नाही. सदस्यांच्या हाती जे होते ते आणि पटलावर जे आले ते, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहणे त्या घाईत राहून गेले.

पाठभेदांची जुनी विद्या

मराठी वाचकाला ही समस्या नवीन नाही. फक्त तिचे नाव वेगळे आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा मूळ ग्रंथाला सुमारे तीन शतके उलटली होती आणि नकलांमध्ये अशुद्धे शिरली होती. पाठात पुढे कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम १९१९ मध्ये आरंभले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. १९२५ पासून त्याची धुरा वाहणारे वि. स. सुखटणकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक देशभरातून मिळवलेल्या हस्तलिखितांचे पाठ अक्षरशः ताडून पाहत होते. एकूण १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली. संगणक आज काही सेकंदांत जे करतो, त्याचे मूळ रूप हेच: एक प्रत आधार म्हणून निश्चित करायची आणि दुसरीतला प्रत्येक वेगळा शब्द तिच्यासमोर मांडायचा.

‘आधार म्हणून निश्चित करायची’ हा त्यातला अवघड भाग. यंत्र तुलना करते. कोणत्या दोन प्रतींची तुलना करायची हे ते सांगत नाही.

यंत्र नेमके काय पाहते?

संगणकीय तुलनेचा पाया अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये घातला गेला. डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात युनिक्स प्रणालीसाठी ‘डिफ’ हा प्रोग्रॅम लिहिला. जेम्स हंट यांच्यासह त्यांनी १९७६ मध्ये त्यामागची रीत प्रसिद्ध केली. १९८६ मध्ये यूजीन मायर्स यांनी अधिक वेगवान रीत मांडली. सॉफ्टवेअर-व्यवसायातील वाचक रोज वापरतात त्या गिटमध्ये आजही मूलतः तीच चालते.

कल्पना सोपी आहे. दोन्ही मजकुरांत समान असलेला आणि क्रम न बदललेला असा सर्वांत लांब धागा प्रथम शोधायचा. त्या धाग्याबाहेर जुन्या प्रतीत जे उरते ते ‘वगळलेले’, नव्या प्रतीत जे उरते ते ‘घातलेले’. याचा एक परिणाम ध्यानात ठेवावा लागतो. एखादा परिच्छेद जसाच्या तसा उचलून दुसऱ्या पानावर नेला, तर साधे यंत्र त्याला एका ठिकाणी खोडलेला आणि दुसऱ्या ठिकाणी नवा म्हणून दाखवते. वाचणारा खोडलेला भाग पाहून पुढे जातो आणि नव्या जागी आलेला परिच्छेद ‘हा तर तोच’ म्हणून सोडून देतो. त्यातला एक शब्द बदललेला असेल तर तो नेमका तिथेच निसटतो. वर्डसारखी साधने स्थलांतर वेगळ्या खुणेने दाखवू शकतात, पण स्थलांतराबरोबर मजकूरही बदलला असेल तर त्यांचाही अंदाज चुकू शकतो.

दुसरी गोष्ट एककाची. प्रोग्रॅमसाठी ओळ हे एकक योग्य, करारासाठी शब्द, आणि आकड्यांच्या तक्त्यासाठी प्रत्येक चौकट. करारातला मजकूर ओळवार ताडला तर एका शब्दामुळे पूर्ण परिच्छेद रंगून निघतो आणि बदल शोधण्याचे काम पुन्हा डोळ्यांवर येते.

दाखवलेले बदल आणि झालेले बदल

कार्यालयांत सर्वाधिक गल्लत होते ती येथे. ‘ट्रॅक चेंजेस’ आणि ‘कंपेअर’ या वर्डच्या रिव्ह्यू विभागातील शेजारच्या सोयी. पण त्यांचा स्वभाव पूर्ण निराळा. ट्रॅक चेंजेसमध्ये केवळ ती सोय चालू असताना झालेले बदल नोंदले जातात. ती मध्येच बंद करून दोन शब्द बदलले आणि पुन्हा चालू केली, तर त्या दोन शब्दांचा मागमूस राहत नाही. काही बदल आधीच ‘ॲक्सेप्ट’ करून उरलेले तेवढे रंगवून पाठवले, तरी प्रत नीटनेटकी आणि प्रामाणिकच दिसते. बहुतेक वेळा यात हेतू वाईट नसतो; तीन जणांनी, दोन टाइमझोनमध्ये, एकाच फाइलवर काम केले की असे होतेच. परंतु समोरच्या पक्षाने रंगवून पाठवलेली प्रत ही त्या पक्षाची कबुली असते. पंचनामा स्वतः करावा लागतो, आणि तो कंपेअरनेच होतो.

कंपेअर वापरताना जुनी प्रत ‘ओरिजिनल’ आणि नवी ‘रिव्हाइज्ड’ म्हणून द्यावी. उलट दिल्यास घातलेले वगळलेले दिसते, आणि अनुभवी माणसेही येथे फसतात. दिलेल्या प्रतींत आधीचे न स्वीकारलेले बदल शिल्लक असतील, तर वर्ड ते स्वीकारले असे गृहीत धरून तुलना करतो. पर्यायांच्या यादीत तक्ते, तळटीपा, शीर्षपट्टी आणि मजकुराच्या चौकटी यांवरील खुणा चालू ठेवाव्यात. फॉरमॅटिंगवरील खूण पहिल्या फेरीत काढून टाकावी, अन्यथा अक्षराचा आकार बदलल्याच्या शेकडो नोंदींत एक महत्त्वाचा ‘नॉट’ बुडून जातो. गूगल डॉक्समध्ये टूल्स विभागात अशीच तुलनेची सोय आहे, आणि लिबरऑफिसमध्ये ती मोफत मिळते. गूगलचा आवृत्ती-इतिहास उपयोगी आहे, पण तो पाहण्यासाठी संपादनाचा अधिकार लागतो, आणि फाइल वर्डमध्ये उतरवून पाठवली की तो इतिहास तिच्याबरोबर जात नाही.

इतिहास कधी कधी नको तिथेही सोबत जातो. फेब्रुवारी २००३ मध्ये इराकविषयीचा ब्रिटिश सरकारचा एक दस्तऐवज वर्ड फाइल म्हणून संकेतस्थळावर ठेवला गेला. त्या फाइलच्या पोटात ती शेवटच्या टप्प्यांत कोणाकोणाच्या संगणकांवर साठवली गेली याची नोंद शिल्लक होती आणि ती वाचली गेली. त्याच दस्तऐवजातील बराच मजकूर आधी प्रसिद्ध झालेल्या एका शोधलेखातून उचललेला असल्याचेही तुलनेतूनच उघड झाले होते. बाहेर पाठवण्यापूर्वी वर्डच्या ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ सोयीने फाइल तपासण्याचा प्रघात अनेक कार्यालयांनी स्वीकारला आहे, तो अशाच अनुभवांमुळे.

नागरी अक्षरे आणि माओरी मात्रा

मराठी दस्तऐवज ताडताना एक खास अडचण येते: डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द यंत्राला भिन्न वाटतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्यापूर्वीच्या फाइलींत ‘अ’ला चंद्र जोडून ते लिहिलेले असते, आणि आजही काही कळफलक तसेच लिहितात. यंत्राच्या दृष्टीने ही दोन निराळी रूपे आहेत आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक मानत नाही. ‘ऱ’चे तसे नाही: ते एकसंध लिहिले काय किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिले काय, प्रमाणीकरणानंतर एकच होते. शिवाय जोडाक्षरांना हवे ते रूप देण्यासाठी घातलेली अदृश्य जोडचिन्हे असतात. ती पडद्यावर दिसत नाहीत, पण तुलनेत मात्र फरक म्हणून उभी राहतात. आणि श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या टंकांतील फाइल तर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय तुलनेला घेण्यात अर्थच नाही; त्या फाइलीत नागरी अक्षरांच्या जागी प्रत्यक्षात भलतेच संकेत साठवलेले असतात.

न्यूझीलंडमधील वाचकांना याचाच दुसरा अवतार भेटतो. माओरी भाषेत स्वराचे दीर्घत्व दाखवण्यासाठी अक्षरावर आडवी मात्रा देतात. जुन्या सरकारी व कंपन्यांच्या कागदपत्रांत ती सहसा नसे, आता ती कटाक्षाने दिली जाते. वांगानुई या शहराच्या इंग्रजी स्पेलिंगमध्येही ‘एच’ अक्षराची भर पडली आहे. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे धोरण आणि आजचे धोरण ताडले, तर शेकडो फरक केवळ मात्रांचे निघतात. अशा वेळी दोन्ही प्रतींच्या नकला घ्याव्यात, शोधा-आणि-बदला वापरून त्या नकलांतले लेखन एकसारखे करावे आणि मग तुलना करावी. मूळ प्रतींना हात लावू नये.

पीडीएफ आणि फाइलचा ठसा

अंतिम प्रत बहुधा पीडीएफ असते, आणि अडचणही तिथेच असते. वर्डमधून तयार झालेल्या पीडीएफमध्ये मजकूर असतो. स्कॅन केलेल्यात फक्त चित्र. ॲक्रोबॅटच्या सशुल्क आवृत्तीत दोन पीडीएफ ताडण्याची सोय आहे, पण स्कॅनची अक्षरे आधी ओळखून घ्यावी लागतात आणि त्या ओळखीत ‘१’ आणि ‘७’ किंवा दशांशचिन्ह यांची गफलत होऊ शकते. नागरी पीडीएफमधून उचललेला मजकूर तर अनेकदा काना-मात्रांसह विस्कटून बाहेर येतो. अशा प्रसंगी रकमा, तारखा आणि नावे डोळ्यांनीच ताडावीत. दोघांनी मिळून, एकाने मोठ्याने वाचून आणि दुसऱ्याने पाहून. वकिलांच्या कचेऱ्यांतील ही जुनी पद्धत आजही मोडीत काढण्यासारखी नाही.

दोन फाइली अगदी तंतोतंत एक आहेत का, एवढेच पाहायचे असेल तर एसएचए-२५६ हा ठसा पुरतो. कोणत्याही फाइलपासून ६४ चिन्हांची एक ओळ तयार होते आणि फाइलीतला एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पूर्ण पालटते. विंडोज आणि मॅक दोहोंत हा ठसा काढण्याची सोय अंगभूत आहे. ठसे जुळले तर प्रश्न संपला. न जुळले तर मजकूर बदलला असेच मात्र म्हणता येत नाही: वर्डची फाइल उघडून नुसती पुन्हा साठवली तरी ठसा बदलू शकतो.

चॅटजीपीटीसारख्या साधनाला दोन प्रती देऊन ‘फरक सांग’ म्हणण्याची सवय वाढते आहे. ही साधने बदलांचा आशय समजावून सांगण्यास उपयोगी पडतात, परंतु प्रत्येक फरक त्यांच्या नजरेस पडेलच याची शाश्वती नसते, आणि कधी नसलेला फरकही ती सांगतात. आधी यांत्रिक तुलना, मग हवे तर तिच्या निष्कर्षांचे स्पष्टीकरण, हा क्रम सोडू नये. अनोळखी मोफत संकेतस्थळांवर करार चढवणे हे तर गोपनीयतेच्या कलमाचा भंगही ठरू शकते.

नोकरीचा करार आणि कुलमुखत्यारपत्र

परदेशस्थ मराठी माणसाला या तंत्राची गरज भासते ती मुख्यतः दोन कागदांसाठी.

पहिला नोकरीचा करार. न्यूझीलंडच्या २००० सालच्या एम्प्लॉयमेंट रिलेशन्स ॲक्टनुसार नव्या कर्मचाऱ्याशी वैयक्तिक करार करताना मालकाने प्रस्तावित कराराची प्रत द्यावी लागते, स्वतंत्र सल्ला घेण्याचा हक्क आहे हे सांगावे लागते, त्यासाठी वाजवी अवधी द्यावा लागतो आणि कर्मचाऱ्याने उपस्थित केलेल्या मुद्द्यांचा विचार करून उत्तर द्यावे लागते. व्यवहारात वाटाघाटीनंतर ‘सुधारित प्रत’ येते. उमेदवार पगाराचा आकडा वाढला ना, एवढे पाहतो आणि सही करतो. तुलना करायला हवी ती बाकी कलमांची: राजीनाम्याची पूर्वसूचना चार आठवड्यांची आठ झाली का, नोकरी सोडल्यानंतरच्या निर्बंधात सहा महिन्यांचे बारा झाले का, एखाद्या वाक्यात ‘अँड’चे ‘ऑर’ किंवा ‘विल’चे ‘मे’ झाले का. ९० दिवसांच्या चाचणी कालावधीचे कलम विशेष काळजीने पाहावे. २३ डिसेंबर २०२३ पासून ते लहानमोठ्या सर्वच मालकांना वापरता येते. या कालावधीत कामावरून कमी केल्यास अन्याय्य बडतर्फीची तक्रार करता येत नाही. व्हिसा नोकरीशी बांधलेला असेल तर त्याचा अर्थ आणखी गंभीर.

येथे मजकुराइतकीच तारीखही निर्णायक ठरते. २०१० मध्ये एम्प्लॉयमेंट कोर्टाने एका औषधालयातील कर्मचाऱ्याच्या प्रकरणात चाचणी कालावधीचे कलम ग्राह्य धरले नाही, कारण करारावर सही होण्यापूर्वीच तिचे काम सुरू झाले होते. म्हणून प्रत्येक प्रत ज्या ईमेलबरोबर आली त्या ईमेलसकट जपावी, आणि फाइलच्या नावात ‘फायनल’, ‘फायनल-२’ असे न लिहिता वर्ष-महिना-दिवस लिहावा. सही केलेल्या कराराची प्रत मालकाने ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि कर्मचाऱ्याने मागितल्यास ती द्यावी लागते. ती मागून घ्यावी आणि आपण सही करण्यापूर्वी साठवलेल्या प्रतीशी ताडून पाहावी.

दुसरा कागद कुलमुखत्यारपत्र. पुण्या-नाशिकची सदनिका किंवा गावाकडची जमीन सांभाळण्यासाठी भावाला अथवा मामांना अधिकार द्यायचे असतात. मसुदा तिकडचे वकील पाठवतात, दुरुस्त्या व्हॉट्सॲपवर ठरतात आणि शेवटची प्रत ऑकलंडमध्ये नोटरीपुढे जाते. त्यानंतर अपोस्टिल होते. ही सोय न्यूझीलंडला २००१ पासून आणि भारताला २००५ पासून लागू आहे. अपोस्टिल सही व शिक्क्याचा खरेपणा सांगते, मजकुराचा नाही. ‘भाड्याने देणे’च्या पुढे ‘विक्री करणे, गहाण ठेवणे’ हे शब्द शेवटच्या प्रतीत आले असतील तर ते शिक्क्यासकट खरे ठरतात. नात्यांतल्या विश्वासाचा प्रश्न मध्ये न आणता तुलना करता येते, कारण ती माणसाची नव्हे, कागदाची असते. गट क्रमांक आणि क्षेत्रफळाचे आकडेही सातबाऱ्यावरून ताडावेत: एक अंक चुकला तरी नोटरीपासून सारे पुन्हा करावे लागते.

मराठी मूळ आणि इंग्रजी भाषांतर अशा दोन प्रती असतील तेव्हा मात्र डिफचा उपयोग नाही. न्यूझीलंडला हे सर्वांत चांगले ठाऊक आहे. ६ फेब्रुवारी १८४० च्या वायटांगी कराराचे माओरी भाषांतर हेन्री विल्यम्स आणि त्यांचे पुत्र एडवर्ड यांनी एका रात्रीत केले. इंग्रजीतल्या सार्वभौमत्वाच्या जागी माओरीत ‘कावानातांगा’, म्हणजे साधारणपणे राज्यकारभार, असा शब्द आला. कराराची नऊ पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी एकच इंग्रजीत असून त्यावर ३९ सह्या आहेत, बाकी सह्या माओरी पाठावर. रूथ रॉस या इतिहासकार महिलेने १९७२ मध्ये निरनिराळे इंग्रजी मसुदे आणि माओरी पाठ शेजारी ठेवून त्यांतली तफावत तपशीलवार दाखवली, तोपर्यंत १३२ वर्षे लोटली होती. द्विभाषिक कागदात म्हणूनच एक ओळ आवर्जून घालून घ्यावी: दोन पाठांत विसंगती आढळल्यास कोणता पाठ प्रमाण मानावा. आणि पुढची आवृत्ती आली की ती ओळ जागेवर आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे.